बाळशास्त्री जांभेकर : ‘दर्पण’ सगळ्यांना माहीत, पण ‘दिग्दर्शन’चं काय?



६ जानेवारी आला की आपल्या शाळांत पत्रकार दिन साजरा होतो. फळ्यावर सुविचाराच्या जागी ‘आद्य मराठी पत्रकार बाळशास्त्री जांभेकर’ असं लिहिलं जातं, प्रतिमेला हार घातला जातो, एक-दोन मुलं पाठ केलेलं भाषण म्हणतात. भाषणात तीन गोष्टी हमखास असतात. जन्म पोंभुर्ल्याचा, वृत्तपत्र ‘दर्पण’ आणि साल १८३२. एवढं झालं की परिपाठ संपतो.

या तीन गोष्टी खऱ्याच आहेत, पण त्यात आपल्या कामाचे बाळशास्त्री कुठेच दिसत नाहीत. ते गणित आणि खगोल शिकवायचे. त्यांनी मराठीतलं पहिलं मासिक काढलं आणि त्यात विज्ञानाचे लेख आकृत्या काढून छापले. शिक्षकांना शिकवण्यासाठी जो पहिला वर्ग मुंबईत उघडला, त्याची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. म्हणजे बघा, डी.एड. करून वर्गात उभे राहिलेल्या आपल्यासारख्यांचे ते पूर्वजच लागतात! आज ‘विज्ञान पत्रकार’ हा शब्द आपण सहज वापरतो. तो शब्द नव्हता तेव्हा हा माणूस ते काम मराठीत करत होता. म्हणून या लेखात त्यांचं चरित्र विज्ञानाच्या बाजूने बघू. आणि शहापूर-मुरबाडच्या आपल्या वर्गांत त्याचं काय करता येईल, तेही शेवटी मांडते.

पोंभुर्ले ते मुंबई

बाळशास्त्रींचा जन्म १८१२ चा. गाव पोंभुर्ले, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या देवगड तालुक्यात. वडील गंगाधरशास्त्री पुराण सांगत. मराठी आणि संस्कृतचा पाया घरीच पक्का झाला. पुढे शिकण्यासाठी ते लहान वयातच मुंबईला आले. तिथे त्यांना सदाशिव काशिनाथ छत्रे, म्हणजे बापू छत्रे यांचा आधार मिळाला. हे बापू छत्रे म्हणजे ‘बाळमित्र’ या पुस्तकाचे कर्ते. ‘बाळमित्र’ १८२८ चं. ते मुळात बर्कें नावाच्या फ्रेंच लेखकाचं मुलांसाठीचं पुस्तक. ते इंग्रजीत गेलं आणि इंग्रजीतून छत्र्यांनी मराठीत आणलं. परक्या भाषेतलं चांगलं काही आपल्या मुलांपर्यंत पोचवायचं, हा संस्कार बाळशास्त्रींना असा घरबसल्या मिळाला असणार.

भाषांच्या बाबतीत त्यांची झेप मोठी होती. मराठी, संस्कृत, इंग्रजी तर झालंच. शिवाय बंगाली, गुजराती, कानडी, तेलुगू, फारसी, फ्रेंच, लॅटिन अशा भाषा त्यांना येत होत्या. आपल्याला यातलं एवढंच बघायचं आहे की, त्या काळात नवीन विज्ञान मराठीत नव्हतंच. ते इंग्रजीत होतं, फ्रेंचमध्ये होतं. ज्याला ते लोकांपर्यंत आणायचं, त्याला आधी तिकडच्या भाषेत शिरावं लागणार होतं आणि मग परत आपल्या भाषेत यावं लागणार होतं. पुष्कळजण पहिला टप्पा गाठतात आणि तिकडेच रमतात. बाळशास्त्री परत आले.

बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या संस्थेत ते कामाला लागले, तेव्हा ते विशीतसुद्धा नव्हते. काही काळ ते अक्कलकोटच्या राजपुत्राचे शिक्षक होते. १८३४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांची साहाय्यक प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. तिथे अशा पदावर बसलेले ते पहिले भारतीय. वय जेमतेम बावीस! आपल्यातल्या कितीतरी जणांना त्या वयात पहिली ऑर्डरसुद्धा मिळालेली नसते.

‘दर्पण’ : शेजारी शेजारी दोन रकाने

६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला. सोबत गोविंद विठ्ठल कुंटे, म्हणजे भाऊ महाजन होते. सुरुवातीला हे पत्र पाक्षिक होतं, चार महिन्यांत ते साप्ताहिक झालं आणि १८४० पर्यंत चाललं.

मुलांना ‘दर्पण’बद्दल सांगताना एक गोष्ट फळ्यावर काढून दाखवावी. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी. ‘दर्पण’ असं छापलं जायचं. एकच मजकूर दोन्ही भाषांत. इंग्रज अधिकाऱ्याला इकडच्या लोकांचं म्हणणं कळावं आणि इकडच्या माणसाला जगात काय नवीन चाललंय ते कळावं, असा दुहेरी हेतू होता. शिवाय इंग्रजी शिकू पाहणाऱ्या तरुणाला शेजारच्या रकान्यात मराठी अर्थ मिळायचा.

आता त्या काळाची कल्पना करा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये नुकताच छापून झाला होता. शाळेत शास्त्राची पुस्तकं नव्हती म्हटलं तरी चालेल. ‘वाफेचं यंत्र’, ‘वातावरण’, ‘गुरुत्वाकर्षण’ असे शब्द आज चौथी-पाचवीतलं पोर सहज म्हणतं. तेव्हा हे शब्द कुणीतरी शोधायचे होते, घडवायचे होते, वापरून बघायचे होते. पत्रकाराला दर आठवड्याला हे काम करावं लागायचं आणि तेही वाचकाला कळेल अशा भाषेत. आपण ‘कठीण शब्द’ म्हणून मुलांकडून जी यादी लिहून घेतो, तसे शब्द जन्माला येण्याचा हा काळ होता.

‘दिग्दर्शन’ : मराठीतलं पहिलं मासिक

१८४० मध्ये ‘दर्पण’ थांबलं, पण त्याच वर्षी बाळशास्त्रींनी ‘दिग्दर्शन’ सुरू केलं. हे मराठीतलं पहिलं मासिक. पाच वर्षं त्यांनी ते संपादित केलं. (याच नावाचं एक बंगाली मासिक श्रीरामपूरहून १८१८ मध्ये निघालं होतं. ते वेगळं.)

‘दिग्दर्शन’मध्ये काय असायचं? इतिहास आणि भूगोल असायचा. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, निसर्गविज्ञान, गणित असायचं. व्याकरण असायचं. आणि लेखांसोबत नकाशे आणि आकृत्या असायच्या. ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आज मोबाइलवर एका बोटाने चित्र येतं. तेव्हा एक आकृती छापायची म्हणजे खर्च आणि खटपट. तरीही ती छापली, कारण तराफा, तरफ, ग्रहण किंवा समुद्राची भरती नुसत्या शब्दांनी कळत नाही, हे मुरलेल्या शिक्षकाला माहीत असतं.

थोडं जगाकडेही बघू. अमेरिकेतलं ‘सायंटिफिक अमेरिकन’ १८४५ मध्ये सुरू झालं. इंग्लंडचं ‘नेचर’ १८६९ मध्ये. फ्रान्समध्ये गास्तों तिसांदिए या रसायनशास्त्रज्ञाने सामान्य वाचकांसाठी ‘ला नात्युर’ हे साप्ताहिक काढलं ते १८७३ मध्ये. हा तिसांदिए मोठा धाडसी होता. १८७५ मध्ये उंचावरच्या हवेचा अभ्यास करायला तो ‘झेनिथ’ नावाच्या बलूनमधून वर गेला. विरळ हवेत त्याचे दोन्ही साथीदार दगावले, तो एकटा वाचला आणि त्यानंतरही लिहीत राहिला. फ्रान्समध्ये त्याचं नाव विज्ञान लोकांपर्यंत नेणारा म्हणून घेतलं जातं. ‘दिग्दर्शन’ निव्वळ विज्ञानाचं मासिक नव्हतं, त्यामुळे सरळ तुलना करणं बरोबर होणार नाही. पण वर्षं मांडून बघितली तर एक गोष्ट मुलांना नक्की सांगता येईल. सामान्य माणसाला विज्ञान सोप्या भाषेत सांगायचं, हा विचार मराठीत उशिरा आलेला नाही.

शिक्षकांचा शिक्षक

आता आपल्या जवळचा भाग. बाळशास्त्री नुसते कॉलेजात शिकवून थांबले नाहीत. मराठी शाळांच्या तपासणीचं कामही त्यांनी केलं. १८४५ मध्ये प्राथमिक शाळांसाठी शिक्षक तयार करायला मुंबईत ‘नॉर्मल क्लास’ सुरू झाला, त्याचे ते संचालक होते. पुढे नॉर्मल स्कूल, ट्रेनिंग कॉलेज, अध्यापक विद्यालय, डी.एड., डी.एल.एड. अशी नावं बदलत गेली. त्या वाटेच्या सुरुवातीला हा माणूस उभा आहे.

त्यांनी मुलांसाठी पुस्तकंही लिहिली. ‘बालव्याकरण’, ‘भूगोलविद्या’, ‘नीतिकथा’, ‘सारसंग्रह’ ही त्यातली काही. ‘शून्यलब्धि’ हे त्यांचं गणिताचं पुस्तक, ज्याला आज कॅल्क्युलस म्हणतात त्या विषयावरचं. हा विषय आपली मुलं अकरावी-बारावीत इंग्रजीतून शिकतात आणि घाबरतात. तो मराठीत लिहून बघण्याची हिंमत १८३०-४० च्या काळात कुणी केली होती, हे बारावी सायन्सच्या मुलांना सांगून बघा, त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

त्यांच्या हाताखाली शिकलेल्या दोन मुलांची नावं पुरेत. एक दादाभाई नवरोजी. ते पुढे त्याच एल्फिन्स्टनमध्ये गणित आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. देशाची गरिबी आकड्यांनी मांडणारे दादाभाई आपल्याला माहीत असतात, पण ते मुळात गणिताचे शिक्षक होते हे सांगायचं राहून जातं. दुसरे डॉ. भाऊ दाजी लाड. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर झाले. भायखळ्याच्या राणीच्या बागेला सहल नेली की शेजारचं संग्रहालय आपण दाखवतो, त्याला आज त्यांचंच नाव आहे.

वेधशाळा आणि ताम्रपट

मुंबईत कुलाब्याला १८२६ मध्ये वेधशाळा उभी राहिली होती. बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ कळणं, हवामानाच्या नोंदी, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी अशी कामं तिथे चालत. या वेधशाळेचं कामही बाळशास्त्रींनी काही काळ सांभाळलं. म्हणजे विज्ञानावर लिहिणारा हा माणूस स्वतः मोजमापं करणारा, नोंदी ठेवणारा होता. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय मोजमापांत गडबड होणार हे ओळखून ते काम १९०४ मध्ये अलिबागला नेलं. अलिबागची ती वेधशाळा आजही आहे. ‘विजेच्या तारेने चुंबकसुई का हलते?’ हा प्रयोग घेताना ही गोष्ट जोडून सांगा. मुलांना ट्राम आणि चुंबकसुई यांचं नातं एकदम पटतं.

याशिवाय ते जुने शिलालेख आणि ताम्रपट वाचायचे, त्यावर एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहायचे. आपल्या मुरबाडकरांना इथे नाणेघाट आठवला पाहिजे. वैशाखऱ्याकडून चढून गेलं की वरच्या लेण्यात सातवाहनांच्या काळातला ब्राह्मी लेख आहे. दोन हजार वर्षांच्या आसपासचा. त्यात दानाचे आकडे कोरलेले आहेत, आणि आपल्या देशातल्या अंकांचा इतिहास शोधणारे अभ्यासक तिथले आकडे बघायला येतात. आपल्या तालुक्यातली मुलं तिथे धबधबा बघायला जातात, सेल्फी काढून येतात. पुढच्या वेळी पाचवीचं ‘संख्याज्ञान’ तिथेच शिकवून बघायला हरकत नाही.

मे १८४६ मध्ये तापाच्या दुखण्याने बाळशास्त्री गेले. पस्तिशीसुद्धा गाठली नव्हती. दोन नियतकालिकं, पाठ्यपुस्तकं, कॉलेजातली शिकवणी, वेधशाळा, अध्यापक वर्ग, १८४५ मध्ये शिळाप्रेसवर छापून घेतलेली ज्ञानेश्वरी. हे सगळं एवढ्याशा आयुष्यात!

त्यांच्यानंतर

त्यांचं काम थांबलं नाही, हे मुलांना आवर्जून सांगावं. भाऊ महाजनांनी स्वतःची पत्रं काढली. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांच्या धडपडीतून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक १८५० मध्ये आलं. १९२८ मध्ये पुण्याहून ‘सृष्टिज्ञान’ सुरू झालं. योगायोग असा की त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला सी. व्ही. रामन यांनी आपला शोध जाहीर केला, ज्याची आठवण म्हणून आपण विज्ञान दिन करतो. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. जयंत नारळीकरांनी विज्ञानकथा लिहिल्या, बाळ फोंडक्यांनी संशोधन सोडून विज्ञान पत्रकारिता हेच काम मानलं, निरंजन घाट्यांनी ढिगाने पुस्तकं लिहिली. आपल्या शाळेच्या ग्रंथपेटीत यातलं एकतरी पुस्तक असतंच. पेटी उघडून बघा.

याची आज गरज काय?

पालक विचारतील, मॅडम, हा सगळा इतिहास झाला, आता गुगल आहे, यूट्यूब आहे. बरोबर आहे. पण मी एक उदाहरण देते.

पावसाळा सुरू झाला की आपल्या पाड्यांवर साप निघतात. विषारी साप प्रामुख्याने चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावली तर दुखत नाही, सूज येत नाही, दाताची खूण नीट दिसतही नाही. माणूस पहाटे उठतो, पोटात दुखतंय म्हणतो, पापण्या जड होतात. घरच्यांना वाटतं अपचन झालं किंवा काही बाहेरचं झालं. भगताकडे नेतात. तोवर विषाने श्वासाचे स्नायू ढिले पडायला लागतात. त्या दोन-तीन तासांत दवाखाना गाठला तर प्रतिविष मिळतं, श्वासाला आधार मिळतो, माणूस वाचतो. या चारही सापांच्या विषावर चालणारं प्रतिविष सरकारी दवाखान्यात मोफत असतं. काय करायचं तेही साधं आहे. चावलेला भाग हलू द्यायचा नाही, अंगठ्या-बांगड्या काढायच्या, कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीने करकचून बांधायचं नाही, १०८ ला फोन लावायचा.

आता ही माहिती यूट्यूबवर नाही का? आहे. पण तिसरीतल्या मुलाने घरी आजीला तिच्या बोलीत सांगितली तर ती आजीपर्यंत पोचते. आमच्याकडे एका पाड्यावरच्या मुलीने शाळेतला सापांचा तक्ता वहीत काढून नेला आणि घरी चुलीजवळच्या भिंतीला चिकटवला. पालकभेटीला गेले तेव्हा तिची आजी मला एकेक साप दाखवून नावं सांगत होती. आजीला अक्षर येत नाही. चित्र आणि नातीचं बोलणं, एवढ्यावर ती शिकली होती. आकृती आणि आपली भाषा. १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ने हेच धरलं होतं.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं नावही इथे सांगण्यासारखं आहे. कोकणात लाल विंचू चावून माणसं, विशेषतः लहान मुलं मरायची. ग्रामीण दवाखान्यात राहून त्यांनी नोंदी ठेवल्या, प्राझोसिन या औषधाचा उपयोग होतो हे दाखवलं आणि ‘लॅन्सेट’सारख्या जगप्रसिद्ध नियतकालिकात ते मांडलं. विज्ञान फक्त मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळेत होत नाही, हे आपल्या मुलांना कळण्यासाठी यापेक्षा जवळचं उदाहरण मिळणार नाही.

वर्गातला उपक्रम : ‘आपलं दिग्दर्शन’

६ जानेवारी ते २८ फेब्रुवारी म्हणजे पत्रकार दिन ते विज्ञान दिन. मध्ये ५३ दिवस, म्हणजे साधारण साडेसात आठवडे. या काळात इयत्ता तिसरी ते पाचवीसाठी भित्तिपत्रक चालवता येतं. खर्च जवळजवळ नाही. जुन्या कॅलेंडरची मागची बाजू, स्केचपेन आणि डिंक.

१. प्रश्नपेटी. खडूच्या रिकाम्या खोक्याला फट पाडा. मुलांनी आपल्या परिसरातले ‘का?’ आणि ‘कसं?’ चे प्रश्न त्यात टाकायचे. ज्याला लिहिता येत नाही त्याचा प्रश्न मोठ्या मुलाने लिहून द्यायचा.

२. दोन रकाने. ‘दर्पण’सारखी कागदाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे मुलाच्या घरच्या बोलीत लिहायचं : ठाकरी, कातकरी, आगरी, वारली, जी असेल ती. उजवीकडे तेच प्रमाण मराठीत. पाचवीच्या मुलांनी खाली दोन-तीन इंग्रजी शब्द लिहावेत. घरचा शब्द हसण्यासारखा नसतो, तो छापण्यासारखा असतो, हे मुलाला न सांगता कळतं.

३. विचारून या. उत्तर लगेच सांगायचं नाही. आधी घरी, शेतावर, स्टेशनवर, दवाखान्यात विचारून यायचं. मग पुस्तकात बघायचं. दोन्ही उत्तरं जुळतात का, ते वर्गात बोलायचं.

४. आकृतीशिवाय लेख नाही. एकतरी चित्र, नकाशा किंवा आकृती हवीच.

५. संपादक मंडळ. दर आठवड्याला तीन मुलं बदलून. शुद्धलेखन तपासणं, मजकूर कापणं, मथळा देणं ही कामं त्यांची. आपण फक्त माहिती खरी आहे का ते बघायचं.

प्रश्न कसे येतात त्याचे दोन नमुने देते.

*‘कसाऱ्याला गाडीला मागून इंजिन का लावतात?’* कसारा ते इगतपुरी घाटात चढ ३७ ला १ आहे. म्हणजे गाडी ३७ मीटर पुढे गेली की १ मीटर वर चढते. ऐकायला थोडं वाटतं, पण एवढ्या वजनाच्या गाडीला ते फार होतं. पुढच्या इंजिनाने एकट्याने ओढलं तर डब्यांच्या जोडांवर ताण येतो. म्हणून मागून ढकलणारी इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. वर्गात लाकडी फळी, दप्तर आणि दोरी घ्या. फळी कमी-जास्त तिरकी करून मुलांना दप्तर ओढू द्या. उतरणीचा धडा तिथेच होतो.

*‘आपल्याकडे धरणं असून उन्हाळ्यात टँकर का येतो?’* हा प्रश्न शहापूर तालुक्यातल्या प्रत्येक वर्गात येणारच. तानसा, मोडकसागर, भातसा यांचं पाणी मुंबईला जातं. तानसा तर १८९२ पासून. आपल्याकडे पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त. मग पाणी जातं कुठे? विज्ञानाचा भाग असा : आपल्या डोंगरांचा काळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेला. तो घट्ट आहे, त्यात पाणी मुरायला जागा कमी. उतारावरून पाणी वाहून जातं आणि विहिरी मार्च-एप्रिलमध्ये तळ गाठतात. दुसरा भाग विज्ञानाचा नाही. जलवाहिनी कुठून कुठे टाकायची, पाड्याला टाकी द्यायची की नाही, हे माणसं ठरवतात. मुलांनी दोन्ही भाग वेगवेगळे लिहावेत. विज्ञानावर लिहिणाऱ्या पत्रकाराला हेच करावं लागतं : निसर्गाचं कारण कुठे संपतं आणि माणसाचा निर्णय कुठे सुरू होतो, ते नीट दाखवणं. ‘दर्पण’सुद्धा लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे ठेवत होतंच की.

पालकांशी दोन शब्द

गावातल्या शाळेतून मूल काढून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालायचं, व्हॅनचे पैसे भरायचे, हे आता घरोघरी चाललंय. त्यामागची तुमची काळजी खोटी नाही. इंग्रजी आलंच पाहिजे. बाळशास्त्रींना ते उत्तम येत होतं, ते इंग्रजीतून शिकवतही होते. पण मुलाला ‘फोटोसिंथेसिस’चं स्पेलिंग पाठ आहे आणि पान हिरवं का, ते सांगता येत नाही, असं झालं तर पैसे आणि वर्षं दोन्ही वाया जातात. मूल कुठल्याही माध्यमात असो, रोज संध्याकाळी त्याला एकच विचारा : आज शाळेत काय कळलं ते मला आपल्या भाषेत सांग. त्याला सांगता आलं तर समजलंय. अडखळलं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या बाईंना किंवा सरांना विचारा. तुम्ही किती शिकलात याचा इथे काही संबंध नाही, ऐकून घ्यायला शाळा लागत नाही.

आणि शिक्षक मित्रांनो, आपल्याकडे ऑनलाइन माहित्या, सर्वेक्षणं, फोटो अपलोड यांचा ढीग आहे, हे मलाही माहीत आहे. या उपक्रमाला आठवड्यातून एकच तासिका लागते. परिसर अभ्यास आणि मराठी हे दोन्ही विषय त्यात होतात. वेगळा वेळ काढावा लागत नाही.

स्वाध्याय (इयत्ता पाचवी आणि पुढे)

१. ‘दर्पण’ दोन भाषांत का छापलं जात असेल? तुमच्या शब्दांत लिहा.
२. ‘दिग्दर्शन’मधील लेखांत कोणकोणते विषय असत?
३. बाळशास्त्रींनी केलेल्या कामांची यादी करा. त्यातलं कोणतं काम तुम्हाला करायला आवडेल? का?
४. सांगा पाहू : कुलाब्याचं चुंबकीय मोजमाप अलिबागला का हलवलं?
५. साप चावल्यावर करायच्या आणि न करायच्या गोष्टींचा तक्ता घरच्या बोलीत बनवा आणि घरातल्या मोठ्यांना समजावून सांगा. त्यांनी काय विचारलं ते लिहून आणा.
६. तुमच्या गावातला असा एक प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर पुस्तकात सापडत नाही.

सहाव्या प्रश्नाला जी उत्तरं येतील ती जपून ठेवा, टाकून देऊ नका. पुढच्या ६ जानेवारीला भाषणाऐवजी त्यातला एक प्रश्न परिपाठात वाचून दाखवा आणि मुलांना म्हणा, चला, शोधूया. बाळशास्त्रींच्या प्रतिमेला हार घालाच, पण तिच्याशेजारी मुलांचा पहिला अंकही लावा.